न वाचता मोजलेले संशोधन

१९४९ साली सोलापुरातून एक इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला : 'यशस्तिलक अँड इंडियन कल्चर'. लेखक कृष्णकांत हंदिकी, आसामचे संस्कृत पंडित आणि गुवाहाटी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. दहाव्या शतकातल्या सोमदेवसूरींच्या चंपूकाव्यावरून त्या काळचे पंथ, वादविवाद, राजनीती यांचा पट त्यांनी उभा केला आणि तो छापला सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने, जीवराज जैन ग्रंथमालेत. मालेचे संपादक होते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधी शिकवणारे आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन. १९४३ मध्ये 'तिलोयपण्णत्ती' या प्राकृत ग्रंथाचा पहिला भाग काढून त्यांनी मालेला आरंभ केला होता. जैन विद्येच्या अभ्यासकाला ही पुस्तके आजही चुकवता येत नाहीत. आता असाच ग्रंथ आजच्या एखाद्या प्राध्यापकाने लिहून बढतीच्या अर्जाला जोडला, तर त्याच्या पदरात किती गुण पडतील? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत उत्तर आहे : प्रकाशक 'राष्ट्रीय' मानला गेला, तर १०. सोलापूरच्या एका संस्थेची ग्रंथमाला राष्ट्रीय ठरते की नाही, हे अर्ज तपासणाऱ्याच्या मर्जीवर. ग्रंथ वाचण्याची जबाबदारी मात्र त्या तक्त्यात कोणावरच टाकलेली नाही.

हा तक्ता जवळून पाहण्यासारखा आहे. मान्य नियतकालिकातल्या शोधनिबंधाला विज्ञानशाखांत ८ गुण, भाषा आणि सामाजिक शास्त्रांत १०. त्यावर नियतकालिकाच्या 'इम्पॅक्ट फॅक्टर'प्रमाणे वाढीव गुण : तो नसेल तर ५, एकच्या आत १०, आणि चढत चढत दहाच्या वर गेल्यास ३०. म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या परीक्षित नियतकालिकात आलेल्या मराठीतल्या दहा पानी निबंधाला वाढीव धरून १५, आणि ज्या ग्रंथासाठी आठ-दहा वर्षे घातली त्याला १०. एका विद्यार्थ्याला पीएच.डी. मिळवून दिली की मार्गदर्शकाला तेवढेच १०. सहलेखकांचा हिशेब तर सोलापूरच्या नवी पेठेतल्या कोणाही व्यापाऱ्याला कळेल असा आहे. दोन लेखक असले की प्रत्येकाला ७० टक्के. दोघांहून जास्त असले की पहिल्याला किंवा मुख्य लेखकाला ७० टक्के आणि बाकी प्रत्येकाला ३० टक्के. इम्पॅक्ट फॅक्टर पाच ते दहाच्या नियतकालिकात विज्ञानाचा एक निबंध आला, तर मूळ गुण ३३. तो एकट्याने लिहिला तर व्यवस्थेतून निघाले ३३. दोघांनी लिहिला तर ४६.२. सहा जणांची नावे घातली तर ७२.६ आणि दहा जणांची घातली तर ११२.२. काम तेवढेच, शोध तेवढाच, नावे वाढवली की एकूण गुण तिपटीहून जास्त. थेट भरतीत सहयोगी प्राध्यापकाला लागतात ७५ गुण आणि ७ प्रकाशने, प्राध्यापकाला १२० आणि १०. 'कॅस' या बढती योजनेतल्या स्थाननिश्चितीची तारीख जवळ आली की विभागात एकमेकांची नावे घालण्याची देवाणघेवाण का सुरू होते, याचे उत्तर माणसांच्या नीतिमत्तेत शोधण्याआधी या बेरजेत शोधावे. तक्ता जे मागतो ते माणसे देतात.

हा तक्ता आला कुठून? ३० जून २०१० च्या नियमावलीने 'एपीआय' ही गुणपद्धत आणली, तेव्हा तिच्या मागे एक रास्त तक्रार होती. त्यापूर्वी बढती बरीचशी सेवेच्या वर्षांवर आणि उद्बोधन-उजळणी वर्गांच्या प्रमाणपत्रांवर होत असे, आणि वीस वर्षे एक ओळही न लिहिता माणूस वर चढू शकत असे. सहाव्या वेतन आयोगाचे पगार द्यायचे तर बदल्यात काही दाखवा, अशी ती भूमिका होती. संशोधन व्हावे ही अपेक्षा गैर नव्हती. गैर होते ते एकच माप सर्वांना लावणे. संलग्न महाविद्यालयातल्या सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास शिकवायचे असतात, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय जेमतेम असते. त्याच्याकडूनही पेपर हवे, केंद्रीय संस्थेतल्या शास्त्रज्ञाकडूनही पेपर हवे. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यालाही २००९ पासून प्रबंध देण्याआधी एक निबंध छापणे सक्तीचे झाले आणि ती सक्ती उठायला नोव्हेंबर २०२२ उजाडले. एवढ्या मोठ्या मागणीला पुरवठा करणारा बाजार उभा राहणारच होता. पैसे भरा, आयएसएसएन क्रमांकासकट आठवड्यात निबंध घ्या, असे सांगणारी नियतकालिके गल्लोगल्ली निघाली. त्यांचा सर्वांत हक्काचा ग्राहक म्हणजे तासिका तत्त्वावर राबणारा तरुण. महाविद्यालयातल्या पदासाठीच्या छाननीत एका निबंधाला २ याप्रमाणे ६ गुण असतात. तीन निबंध झाले की ते पूर्ण. त्या तिन्हींत काय आहे, हे विचारले जात नाही.

यावर अनुदान आयोगाने जो उपाय शोधला तो प्रत्येक वेळी एकच होता : यादी. जानेवारी २०१७ मध्ये मान्य नियतकालिकांची यादी निघाली, ३८ हजारांहून अधिक नावांची. त्या यादीचे जे झाले त्याची कहाणी पुण्यात लिहिली गेली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातले भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, विद्यापीठांच्या शिफारशींवरून यादीत शिरलेल्या ५,६९९ नियतकालिकांतून १,३३६ यदृच्छ निवडली. स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या उद्धरणसूचींत असलेली बाजूला काढून उरलेली १,००९ तपासली आणि निष्कर्ष २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापले. ३४.५ टक्के नियतकालिकांचा पत्ता, संकेतस्थळ, संपादकांची नावे यांतलेच काहीतरी गायब किंवा चुकीचे होते. आणखी ५२.३ टक्क्यांनी खोटा आयएसएसएन, खोटा इम्पॅक्ट फॅक्टर अशी माहिती दिली होती किंवा संपादकांची पात्रताच तोकडी होती. या गटातली ८८ टक्क्यांहून जास्त नियतकालिके सुमार असावीत, असा अंदाज निघाला. ती यादीत घातली होती कोणी? विद्यापीठांनीच. मे २०१८ मध्ये आयोगाने ४,३०५ नावे वगळली, नोव्हेंबरात 'यूजीसी-केअर'ची घोषणा झाली, आणि २०१९ पासून पुणे विद्यापीठातूनच नवी, आटोपशीर यादी चालू लागली. ती पहिलीपेक्षा निःसंशय बरी होती. पण काही दिवसांतच तिच्यातल्या नियतकालिकांच्या नावाने बनावट संकेतस्थळे उघडली. ३ ऑक्टोबर २०२४ च्या बैठकीत आयोगाने केअर यादीही बंद करायचे ठरवले, ते जाहीर झाले फेब्रुवारी २०२५ मध्ये. (त्याच ३ ऑक्टोबरला केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. अभिजात भाषेतला शोधनिबंध तोलायचा कसा, याचे उत्तर त्या दिवशी कोणाच्याच कार्यसूचीवर नव्हते.) आता नियतकालिक चांगले की वाईट हे विद्यापीठांनी आपापल्या समित्यांतून ठरवायचे आहे, म्हणजे ज्यांच्या शिफारशींतून ती ८८ टक्क्यांची भर पडली होती, त्यांनीच.

या यादी-पुराणात एक गोष्ट तशीच राहिली. निबंध कसा आहे, हे ठरवण्यासाठी तो जिथे छापला ते ठिकाण पाहायचे, ही मूळ चाल. नवी पेठेत चादर घेणारे गिऱ्हाईक ती उलटी करून वीण पाहते, बोटांत चुरगाळून पाहते. दुकानाची पाटी पाहून पैसे मोजत नाही. इम्पॅक्ट फॅक्टरही मुळात अशी पाटीच. युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये उद्धरणसूचीची कल्पना मांडली आणि पुढे ही संख्या आली, ती ग्रंथपालाने कोणती नियतकालिके विकत घ्यावीत हे ठरवायला सोय म्हणून. नियतकालिकाच्या सरासरीवरून त्यातल्या एका निबंधाची किंमत काढता येत नाही, कारण त्या सरासरीचा बहुतेक भार थोड्याशा निबंधांनी उचललेला असतो. डिसेंबर २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पेशीशास्त्रज्ञांच्या परिषदेत जमलेल्या संपादकांनी हेच म्हणणारा जाहीरनामा तयार केला. तो 'डोरा' या नावाने ओळखला जातो. २०१५ च्या लायडन जाहीरनाम्यातल्या दहा तत्त्वांपैकी तिसरे तर जणू सोलापूरसाठीच लिहिले आहे : स्थानिक प्रश्नांवरच्या उत्तम संशोधनाला संरक्षण द्या. चीनने २०२० मध्ये पेपरमागे रोख बक्षिसे देण्याची प्रथा थांबवली, नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाने २०२१ मध्ये निवडीत इम्पॅक्ट फॅक्टर वापरणे सोडले, आणि २०२२ मध्ये युरोपातल्या शेकडो संस्थांनी मूल्यमापन-सुधारणेचा करार केला. आपल्याकडे भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१८ मध्येच याच दिशेचे धोरण-निवेदन काढले. त्याच वर्षी जुलैमध्ये आयोगाने नवी नियमावली काढली आणि तिच्यात इम्पॅक्ट फॅक्टरची पायरीपट्टी दिली. दोन्ही कागद एकाच देशाच्या राजधानीतले.

दुष्परिणामांत सर्वांत महाग पडते ती स्थानिक ज्ञानाची हानी. सोलापूर विद्यापीठ २००४ साली शिवाजी विद्यापीठातून वेगळे झाले ते एकाच जिल्ह्यासाठी. आज ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव लावते. एका जिल्ह्याचे विद्यापीठ म्हणजे त्या जिल्ह्याला समजून घेण्याची सर्वांत मोठी संधी, आणि हा जिल्हा तसा श्रीमंत आहे : उजनीचे पाणी, यंत्रमाग, विडी कामगार स्त्रिया, मराठी-कन्नड-तेलुगू-उर्दू एकाच बाजारात, नान्नजचा माळढोक, पंढरपूर. आता तक्ता पुन्हा उघडा. धोरणविषयक अहवाल संयुक्त राष्ट्रे किंवा जागतिक बँकेला दिला तर १० गुण, केंद्र सरकारला ७, राज्य सरकारला ४. महानगरपालिकेला किंवा जिल्हा परिषदेला दिला तर? तसा रकानाच नाही. शहराच्या पाणीवाटपाचा वर्षभर अभ्यास करून पालिकेच्या अभियंत्याच्या हातात अहवाल देणाऱ्या प्राध्यापकाला शून्य, आणि तोच मजकूर कुठल्यातरी नियतकालिकात टाकला तर गुण. त्या अभियंत्याला तो निबंध कधी दिसणार नाही, हा भाग वेगळा.

या मातीतले जे संशोधन खरोखर टिकले, ते या मापात कुठे बसते हे पाहिले की माप कशासाठी केले होते याचीच शंका येते. मोहोळला १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडलेला एम ३५-१ हा रब्बी ज्वारीचा वाण पुढे कित्येक दशके दख्खनच्या कोरडवाहू शेतात पाय रोवून राहिला. कृषी संशोधनाचे गुणतक्ते आज वेगळे आहेत हे खरे, पण उद्धरणे मोजून हा वाण निवडला गेला नसता. शेतकऱ्यांनी तो पेरत राहून निवाडा दिला. हत्तरसंग-कुडलला भीमा-सीनेच्या संगमावरचा शके ९४० चा शिलालेख, मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक, उजेडात आणला सोलापूरच्या आनंद कुंभार यांनी, आणि ते काही विद्यापीठातले प्राध्यापक नव्हते. रा. चिं. ढेरे यांचे 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' १९८४ मध्ये मराठीत आले, १९८७ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जगाच्या विद्यापीठांत ते पोचले २०११ मध्ये, अ‍ॅन फेल्डहाउस यांचे इंग्रजी भाषांतर ऑक्सफर्डने काढले तेव्हा. म्हणजे सत्तावीस वर्षे हे पुस्तक उद्धरणसूचींच्या नजरेला जवळपास दिसतच नव्हते. पंढरपूरवर त्या काळात लिहिणाऱ्या कोणाही गंभीर माणसाला ते वाचावे लागत होते, ही गोष्ट अलाहिदा. केंद्र सरकारची एनआयआरएफ ही संस्थांची क्रमवारी प्रकाशनांची मोजदाद स्कोपस आणि वेब ऑफ सायन्समधून घेते. विद्यापीठांच्या गुणांत संशोधनाचा भार ३० टक्के. मराठी ग्रंथाचे त्यात स्थान काय, हे आकडा न सांगताही कळते.

गुण मोजण्याऐवजी काम वाचून निवडा म्हटले, की पहिला आक्षेप येतो, आणि तो हलका नाही : 'आकडे काढून टाकलेत तर वशिल्याला रान मोकळे. निदान गुणांमुळे गरिबाच्या, खालच्या जातीतल्या, बाहेरगावच्या उमेदवाराला दाद मागता येते.' संस्थाचालकांचा हात, निवड समित्यांत आधीच ठरलेली नावे, पैशाचे व्यवहार ही चर्चा महाराष्ट्राला नवी नाही, आणि या आक्षेपामागचा अनुभव खरा आहे. पण नियमावली स्वतः काय म्हणते ते पाहा : सहायक प्राध्यापकाच्या निवडीत छाननीचे गुण फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरते, अंतिम निवड मुलाखतीवर. म्हणजे गुण दारापर्यंत पोचवतात आणि दारातून आत घेताना तोच बंद खोलीतला निर्णय. वशिला थांबतो ते कारणे लिहावी लागल्याने. समितीने उमेदवाराचे कोणते काम वाचले, त्यात काय आढळले, दुसऱ्याला का निवडले, हे सहीसकट नोंदवावे लागले आणि उमेदवाराला ते मागता आले, तर त्या कागदावर न्यायालयात बोट ठेवता येते. '८३.५ विरुद्ध ८१' या आकड्यावर ठेवता येत नाही, कारण तो आधीच निःपक्षपातीपणाचे सोंग घेऊन बसलेला असतो.

दुसरा आक्षेप मराठीविषयी आहे. मराठी नियतकालिकांत परीक्षणाची शिस्त नाही, मग त्यांना मान देणे म्हणजे सुमारपणाला परवाना देणे, असे विज्ञानशाखेतले लोक म्हणतात. यात तथ्य आहे. पण १,००९ पैकी जी नियतकालिके पडली, त्यांत इंग्रजी नावे कमी होती असे कोणी म्हणणार नाही. सुमारपणाला भाषा नसते. वाईचे 'नवभारत' किंवा मराठी अभ्यास परिषदेचे 'भाषा आणि जीवन' ही नियतकालिके संपादकांच्या पदरमोडीवर आणि वर्गणीदारांच्या निष्ठेवर चालत आली. त्यांना परीक्षणासाठी मनुष्यबळ आणि थोडा पैसा देणे हे एखाद्या आंतरराष्ट्रीय सूचीचे वार्षिक शुल्क भरण्यापेक्षा स्वस्त पडेल.

तिसरा आक्षेप सर्वांत व्यवहारी : वाचायला वेळ कोणाकडे आहे? ब्रिटनमध्ये तज्ज्ञांच्या समित्या संशोधन वाचून गुण देतात, आणि २०१४ च्या एका फेरीचा खर्च सुमारे २४.६ कोटी पौंड झाला. तो मार्ग सोलापूरने धरावा असे कोणी म्हणणार नाही. मात्र त्यातली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे : संशोधनाने समाजात नेमके काय बदलले याचा पुरावा देणारी छोटी टिपणे. २०२१ च्या फेरीत त्यांना २५ टक्के भार होता. आणि वाचायचे किती, हा प्रश्न मोजण्याच्या पद्धतीनेच फुगवला आहे. उमेदवाराने तीस-चाळीस निबंधांची जंत्री न देता स्वतःची तीन किंवा पाच कामे निवडून पुढे ठेवली, भाषा कोणतीही असो, आणि प्रत्येकातला स्वतःचा वाटा एका परिच्छेदात सांगितला, तर दोन बाहेरचे अभ्यासक ती आठवड्यात वाचू शकतात. याने सहलेखकांची बेरीजही आपोआप निकालात निघते. नाव घातले म्हणून काही मिळत नाही, तुझे काम काय ते सांग.

आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये नव्या नियमावलीचा मसुदा काढला, तेव्हा सारा गदारोळ कुलगुरू निवडीच्या अधिकारावरून झाला. त्याच मसुद्यात गुणतक्ता काढून त्या जागी नऊ प्रकारची 'उल्लेखनीय योगदाने' घातली होती, ते कलम चर्चेच्या कडेलाच राहिले. त्या नऊंत भारतीय भाषांतून अध्यापन आहे, समाजाशी संबंध आणि सेवा आहे, आणि बढतीसाठी किमान चार हवीत. दिशा बरोबर, पण भीती तीच. 'चारही डबे भरले' असे प्रमाणपत्र देणाऱ्या कार्यशाळा, फोटो आणि अहवाल कसे तयार होतात, हे नॅकच्या मूल्यांकन-भेटीच्या आधीचा महिना पाहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे. नऊ डबे तपासायलाही कोणी वाचणारा लागेल.

वाचून सही करणारा माणूस आपल्या विद्यापीठांत अगदीच नाही असे नाही. पीएच.डी.चा प्रबंध दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जातो, ते तो वाचतात, लेखी अहवाल देतात आणि त्याचे मानधन घेतात. नेमका हा कागद फाइलमध्ये बंद होतो. प्रबंध 'शोधगंगा' या ऑनलाइन संग्रहात सर्वांना खुला, परीक्षकाने त्याविषयी काय म्हटले ते बंद. सोलापूर विद्यापीठाला सुधारणा उद्या सकाळी सुरू करायची असेल, तर दिल्लीच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. मौखिकी झाली की प्रबंधासोबत दोन्ही अहवाल, परीक्षकांच्या नावांनिशी, आपल्याच संकेतस्थळावर टाकावेत. 'प्रबंध समाधानकारक आहे, पदवी द्यावी' अशी दोन ओळींची सही ज्यांनी केली, त्यांचे नाव त्या दोन ओळींखाली सर्वांना दिसेल. पुढचा परीक्षक निदान तिसरी ओळ लिहील.